हायडलबर्गमधले पहिले पंधरा दिवस: आधी पत्ता, मग किल्ला

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा मेसेज येतोच, ताई जर्मनीत हायडलबर्गला ॲडमिशन झालीये, काय काय आणू? आणि दरवेळी मी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून म्हटलं यंदा एकदाच सगळं लिहून टाकू. खरंतर काय आणू हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, विसरलेली वस्तू इथं विकत मिळते. अवघड आहे तो क्रम. इथं एका कागदामागं दुसरा कागद असतो, पहिला अडला की मागची सगळी रांग अडते, आणि त्या रांगेत सगळ्यात पुढं उभा असतो तुमचा पत्ता. मी पहिले चार दिवस किल्ला, नदी, पूल बघण्यात घालवले, फोटो टाकले, सगळ्यांनी हार्ट दिले, आणि मग ते चार दिवस पुढं महिनाभर नडले. तुमचं तसं नको व्हायला.

मी सांगलीकडची, मास्टर्स इथंच केलं. इथं लिहिलंय ते बाहेरून येणाऱ्या आणि पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या पोरापोरींसाठी.

निघायच्या आधी

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच बोलतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून खरी ठरवल्याचा दाखला, २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतं हे आता सगळ्यांना माहितीये. श्पेरकोन्टो म्हणजे ते ब्लॉक्ड अकाउंट, त्यात सप्टेंबर २०२४पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे तुमचेच, पण हातात महिन्याला तेवढेच येतात, आणि पहिला हप्ता यायला आधी इथलं चालू बँक अकाउंट लागतं. इथंच बरेच जण फसतात, कारण पोचल्या पोचल्या घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम द्यायचं असतं, आणि डिपॉझिट कायद्यानं मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत घेता येतं. म्हणून डिपॉझिट आणि पहिल्या दीड महिन्याचे पैसे वेगळे हातात ठेवा, श्पेरकोन्टोच्या भरवशावर येऊ नका.

आणि हो, "जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?" असं विचारणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात, त्यांना सांगा की हायडलबर्ग बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतं आणि तिथं २०१७च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे.

सामानाचं बोलायचं तर गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे हे आणा. तूप, पेढे, खव्याचं काहीही आणू नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ताजा कढीपत्ताही चालत नाही. आजीनं कितीही प्रेमानं दिलेलं असलं तरी कस्टमवाला ते कचऱ्यात टाकतो. कुकर नक्की आणा पण ॲल्युमिनियमचा आणू नका, शेगडी इंडक्शनची निघाली तर तो नुसता शोभेला राहील, स्टीलचा इंडक्शन बेसवाला घ्या. आपले बारीक दोन पिनचे चार्जर इथल्या गोल सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनचे नाही. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे सात-आठ. मूळ मार्कशीट आणि डिग्री हँडबॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही.

येण्याचा वार आणि तारीख बघून तिकीट काढा

ही गोष्ट कुणीच सांगत नाही. रविवारी इथं दुकानं बंद असतात, म्हणजे खरोखर बंद, आपल्याकडं बाजारपेठेचा साप्ताहिक सुट्टीचा वार असतो पण गल्लीतलं एखादं दुकान अर्ध्या शटरवर चालू असतं तसंही काही नाही. स्टेशनमधली एक-दोन दुकानं आणि बेकऱ्या सोडल्या तर काहीच मिळत नाही. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि लगेच ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, ती शुक्रवारी किंवा सोमवारी आली की सगळं लांबतं. पुन्हा १ नोव्हेंबरला या राज्यात सुट्टी. तर शनिवारी संध्याकाळी उतरू नका, मंगळवार-बुधवार सगळ्यात भारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी ऑफिसं उघडी मिळतात. जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी नाही, मधेच या. लेक्चर ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, पण ऑफिसातली गर्दी त्याच्या आधी होते.

विमान बहुतेक फ्रँकफर्टला उतरतं, तिथून हायडलबर्ग साधारण ८० किलोमीटर. एअरपोर्टच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून मानहाइमपर्यंत फास्ट ट्रेन, अर्धा तास, आणि मानहाइमला बदलून लोकल. बसही असते, स्वस्त पडते, पण विमान लेट झालं की बस गेली.

आता हायडलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या शहरात नाहीये. १९५५ साली ते पश्चिमेला हलवलं, त्यामुळं उतरल्यावर किल्ला कुठंय म्हणून बघाल तर समोर ट्रॅम, ऑफिसं आणि सायकली. जुन्या शहरात, म्हणजे आल्टश्टाटमध्ये राहणार असाल तर बस घ्या, किंवा लोकलनं तसंच पुढं जाऊन हायडलबर्ग-आल्टश्टाट नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरा, ते जुन्या शहराच्या पूर्व टोकाला आहे. तिकिटाशिवाय ट्रॅममध्ये सापडलात तर ६० युरो दंड, नवीन आहे, माहीत नव्हतं हे कारण चालत नाही, मी माझ्यासमोर तिघांना हे कारण सांगताना ऐकलंय आणि तिघांनीही भरले.

बॅगेच्या चाकांबद्दल एक. जुन्या शहराच्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, फोटोत फार सुंदर दिसते. ३० किलोची बॅग त्यावरून ओढत नेली की चाक जातं, माझं गेलं, पुढचा अर्धा किलोमीटर मी बॅग पोत्यासारखी उचलून नेली आणि वर घर तिसऱ्या मजल्यावर, जुनी इमारत, लिफ्ट नाही. रस्ता बघून टॅक्सी करा एवढ्यापुरती, कंजूषपणा नको.

पहिला दिवस: किल्ली, पाटी, फोटो

घर आधीच ठरवून आला असाल असं धरते. विद्यार्थी वसतिगृहासाठी श्टुडिरेंडनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेकडं ॲडमिशन लेटर आल्या दिवशी अर्ज टाका, यादी लांब असते. खासगी खोली बघत असाल तर एक नियम पाळा, कुणी म्हणालं मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टानं येईल, तर तो माणूस चोर आहे. खोली गोड असते, फोटो मासिकातले वाटतात, भाडं बाजारापेक्षा निम्मं, आणि नेमकी आपली मुलं अडतात कारण लांबून बघायला जाता येत नाही. व्हिडिओ कॉलवर आत फिरून दाखवा म्हणा, नाही म्हणाला की विषय संपला.

किल्ली हातात आली की तीन कामं त्याच दिवशी.

एक, खोलीचे फोटो. भिंतीवरचा प्रत्येक डाग, फुटलेली टाइल, हीटर, सगळं. घरमालकासोबत ताबा घेतानाचा कागद भरतात, त्यावर सगळं लिहून घ्या. दोन वर्षांनी डिपॉझिट परत मागताना हेच कामाला येतं.

दोन, लेटरबॉक्सवर आणि बेलवर नाव. हे गंमत वाटेल पण इथं पोस्टमन खोली नंबर बघत नाही, नाव बघतो. बॉक्सवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं, आणि इथं बँकेचा पिन, इन्शुरन्स कार्ड, टॅक्स नंबर सगळं पत्रानं येतं. चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं तरी चालेल पण त्याच दिवशी लावा. यात आपल्या लोकांचा एक खास घोळ आहे. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, इथले लोक ते दोन्ही तुमचंच नाव समजतात. मग एक पत्र स्वतःच्या नावानं येतं, एक वडिलांच्या नावानं, एक दोन्ही जोडून. त्यात बदल करायला जाऊ नका, पासपोर्टवर आहे अगदी तसंच स्पेलिंग प्रत्येक फॉर्मवर द्या, युनिव्हर्सिटी, बँक, इन्शुरन्स सगळीकडं एकच, आणि बॉक्सवर आडनाव मोठं लिहा.

तीन, किल्लीची सवय. दार नुसतं ओढलं तरी बाहेरून बंद होतं, हँडल फिरवून उघडत नाही. मी तिसऱ्या रात्री कचरा टाकायला खाली गेले, पायात स्लिपर, किल्ली आत, फोन आत. शेजारणीनं फोन करून किल्लीवाला बोलावला, त्यानं दोन मिनिटांत दार उघडलं आणि माझा दोन आठवड्यांचा किराणा घेऊन गेला. तेव्हापासून किल्ली गळ्यात, शाळेतल्या आयकार्डासारखी. किल्ली हरवली तर प्रकरण आणखी महाग, कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलुपं बदलावी लागतात, म्हणून हाफ्टफ्लिख्ट नावाचा दायित्वाचा विमा काढा आणि त्यात किल्ली हरवणं धरलंय का ते विचारून घ्या.

दुसऱ्या दिवसापासून: आनमेल्डुंग

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंद, हाच तो पहिला कागद. जर्मनीत राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये पत्ता नोंदवायचा, कायदाच आहे. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, तिला टेर्मीन म्हणतात, आणि हा शब्द पुढची दोन वर्षं तुमच्या स्वप्नात येणार आहे. भारतातूनच, तिकीट निघालं की टेर्मीन घेऊन ठेवा. ऑफिसं शहरात बऱ्याच ठिकाणी आहेत, जिथली तारीख आधी मिळेल तिथं जा.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्जगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करू नका, प्रिंट काढून घरमालकापुढं ठेवा. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो, आणि जो तो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्या घरात राहू नका, कारण मग तुम्ही कागदोपत्री त्या शहरात नाहीच. कुणाच्या तरी खोलीत पाहुणा म्हणून महिनाभर राहणाऱ्यांची हीच अडचण होते.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. बहुतेकांना फरक पडत नाही, पण वसईचे, गोव्याचे कॅथलिक असाल तर लक्षात ठेवा, तिथं कॅथलिक लिहिलं की पुढं पगारावर इन्कम टॅक्स लागला की त्या टॅक्सच्या आठ टक्के चर्च टॅक्स कापला जातो. द्यायचा असेल तर आनंदानं द्या, फक्त नकळत नको.

काम दहा मिनिटांत होतं, शिक्क्याचा एक कागद हातात मिळतो. त्याचे लगेच चार फोटो, एक ईमेलवर. काही आठवड्यांत टॅक्स नंबरचं पत्र आपोआप येतं, पार्टटाइम नोकरीला तो लागतो. आणि त्याच्या मागोमाग येतं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, घरटी महिन्याला १८.३६ युरो. माझ्याकडं टीव्हीच नाही असं उत्तर सगळे पाठवतात, त्यानं काही होत नाही, ती वर्गणी घरावर आहे, टीव्हीवर नाही. पण घरामागं एकच असते, चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा.

मग बँक, इन्शुरन्स, युनिव्हर्सिटी

आता पटापट. बँक अकाउंट उघडा, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून होतं, काही ठिकाणी आनमेल्डुंगचा कागद मागतात. अकाउंट नंबर मिळाला की श्पेरकोन्टो वाल्यांना कळवा, म्हणजे ९९२ सुरू.

आरोग्य विमा ३० वर्षांखाली असाल तर सरकारी पद्धतीचाच घ्या, विद्यार्थी दर असतो. स्वस्त खासगी प्लॅनच्या जाहिराती खूप दिसतात, एकदा तिकडं गेलात की शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही. विमा कंपनी युनिव्हर्सिटीला एक इलेक्ट्रॉनिक मेसेज पाठवते, त्याला एम टेन म्हणतात, तो पोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. मी नुसतं इन्शुरन्सचं कार्ड घेऊन गेले होते, काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं, एम टेन? आणि मला वाटलं बस नंबर विचारतायत.

व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसात रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करा, कार्ड पहिल्यांदा १०० युरोला पडतं. ती टेर्मीन लवकर मिळत नाही म्हणून पहिल्याच पंधरवड्यात अर्ज टाकायचा, व्हिसाला सहा महिने आहेत म्हणून निवांत बसायचं नाही. नोकरीचं म्हणाल तर मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या महिन्यात नोकरी शोधू नका असं माझं मत, पण ते ऐकणार नाही कुणी.

प्रवासाला डॉइचलांड-तिकीट घ्या, देशभर सगळ्या लोकल, ट्रॅम, बस, फक्त फास्ट ट्रेन नाहीत. २०२३मध्ये ४९ युरोला आलं, २०२५मध्ये ५८ होतं. या राज्यात २७ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी त्याचा स्वस्त प्रकार आहे, आधी तोच बघा. दर महिन्याला आपोआप पैसे कापतं, बंद करायचं तर आदल्या महिन्याच्या १० तारखेच्या आत.

वर्ग कुठं आहे ते आदल्या दिवशी शोधा

हायडलबर्ग युनिव्हर्सिटी १३८६ची, आजच्या जर्मनीतली सगळ्यात जुनी, आणि तिला एक गेट नाही. माझ्या डोक्यात आपलं पुणे विद्यापीठासारखं मोठं गेट आणि आत सगळं असं होतं. इथं इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान वगैरे विषय जुन्या शहरात विखुरलेले, राज्यशास्त्र-अर्थशास्त्र मधल्या बेर्गहाइम भागात जुन्या दवाखान्याच्या इमारतींत, आणि सायन्स-मेडिकल नदीपलीकडं नॉयेनहायमर फेल्डमध्ये. थिअरॉटिकल फिजिक्सवाले तर डोंगराच्या उतारावर फिलॉसॉफेनवेग नावाच्या वाटेवर बसतात.

नॉयेनहायमर फेल्डची गंमत म्हणजे त्या अख्ख्या कॅम्पसचा पत्ता एकच आहे. रस्त्याचं नाव इम नॉयेनहायमर फेल्ड, पुढं फक्त नंबर, २२६, ३०६ असे, आणि एका नंबराच्या शेजारी पुढचाच नंबर असेल याची खात्री नाही. पहिल्या दिवशी नवी मुलं मोबाइल हातात धरून तिथं गोल गोल फिरत असतात. आदल्या संध्याकाळी जाऊन दार बघून या.

टाइमटेबलवर १० लिहून पुढं सी. टी. असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, ती १५ मिनिटं जुन्या काळापासूनची विद्यापीठी सवलत आहे. एस. टी. असेल तर बरोबर दहाला. आपल्याला एस. टी. म्हटलं की लाल डबा आठवतो आणि ती कधी वेळेवर येत नाही, इथं उलटं लक्षात ठेवायचं. लेक्चर संपलं की सगळे टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी ठकठक करतात, दचकू नका.

जेवणाला मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची कँटीन. जुन्या शहरातली मार्श्टालची मेन्सा एका जुन्या शस्त्रागाराच्या दगडी इमारतीत आहे, नदीकाठी, बाहेर अंगणात बसायला मस्त. तिथं बुफे आहे आणि पैसे ताटाच्या वजनावर. म्हणून बटाटे आणि ग्रेव्ही कमी, पालेभाजी-सॅलड जास्त, हे गणित आठवड्याभरात जमतं. शाकाहारी असाल तर मसुराच्या सूपवर विश्वास ठेवू नका, त्यात बऱ्याचदा सॉसेज नाहीतर बेकनचे तुकडे असतात. जेली गोळ्यांत जिलेटिन. व्हेगन लिहिलेलं घेतलं की प्रश्न मिटतो.

स्वयंपाक

यावर जरा जास्त लिहिते कारण पहिल्या आठवड्यात रडू येतं ते बहुतेक जेवणावरूनच.

कणिक हा पहिला घोळ. दुकानात पिठावर नंबर असतात, ४०५ म्हणजे आपला मैदा, पोळी होते पण चिवट. १०५० घ्या, तेच जरा कणकेच्या जवळ जातं, नाहीतर भारतीय दुकानातून आटा आणा. वाइट्सनग्रीस म्हणजे रवा, डीएम नावाच्या साबण-शाम्पूच्या दुकानातही मिळतो, उपमा-शिरा दोन्ही होतं. लाल आणि तपकिरी मसूर, हरभरे सगळ्या सुपरमार्केटमध्ये, तूरडाळ मात्र भारतीय किंवा तुर्की दुकानात बघावी लागते. तूप करायला बिनमिठाचं बटर आणून कढवा, पंधरा मिनिटांचं काम.

आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे क्वार्क. अर्धा किलोचा डबा, स्वस्त, चव चक्क्यासारखी. फडक्यात तासभर टांगा, साखर, वेलची, जायफळ घाला, श्रीखंड तयार. दसरा नेमका सेमिस्टर सुरू होण्याच्या आसपास येतो, मी पहिल्या दसऱ्याला हेच केलं आणि फ्लॅटमधल्या दोघांनी विचारलं हे कुठल्या दुकानातलं.

फोडणी देताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद. खोलीत स्मोक अलार्म असतो. त्याला मोहरी-मिरचीची ओळख नाही.

नळाचं पाणी पिऊन चालतं. बाटल्या विकत घेतल्याच तर रिकाम्या फेकू नका, प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये टाकून पावती घ्यायची. चेपू मात्र नका, मशीनला बारकोड वाचता आला पाहिजे.

शेजारी आणि शांतता

रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही, रविवारी अख्खा दिवस नाही. म्हणजे रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला की दारावर टकटक होऊ शकते. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायलाही रविवारी मनाई. कचरा चार-पाच प्रकारचा, ओला, कागद, पॅकिंग, बाकीचा, आणि काच रंगानुसार वेगळी, पहिल्या दिवशी फ्लॅटमेटला सोबत घेऊन डबे बघून या.

इथं एक जुनी जागा आहे, विद्यार्थ्यांचा तुरुंग, कार्ट्सर. १७७८ ते १९१४ पर्यंत युनिव्हर्सिटी आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच शिक्षा द्यायची, रात्री आरडाओरडा केला, दारू पिऊन दंगा केला, द्वंद्व खेळलं की काही दिवस आत. लेक्चरला मात्र सोडायचे. पोरांनी काजळीनं भिंतभर स्वतःची चित्रं काढून ठेवलीयेत, आत बसणं ही प्रतिष्ठाच होती म्हणे. शेजाऱ्यांची तक्रार या शहरात किती जुनी आहे ते बघायला एकदा जा.

जुन्या शहरातली खोली घेताना दोन गोष्टी बघा. उंटेरे श्ट्रासं नावाची गल्ली बारची आहे, तिच्यावर खिडकी उघडत असेल तर झोप विसरा. आणि जुन्या पुलाजवळ नदीलगत तळघर मिळत असेल तर त्यात पुस्तकं ठेवू नका, नेकार नदीला पूर येतो, पुलापाशी जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

थंडी सुरू झाली की हीटर लावून खिडक्या बंद करून बसू नका, भिंतीला बुरशी येते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून जातो. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद.

आजारी पडलात तर

११२ ॲम्ब्युलन्स आणि आग, ११० पोलीस. रात्री-रविवारी डॉक्टर हवा पण जीवावरचं काही नाही, तर ११६११७. साध्या तापाची गोळीही इथं किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच, आणि ते रविवारी आळीपाळीनं एखादंच उघडं असतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाहीच. नेहमीची औषधं चालू असतील तर तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणा. आणि बरे असतानाच घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरकडं नाव नोंदवून ठेवा, ताप भरल्यावर फोन केला तर नवीन पेशंट घेत नाही असं ऐकायला मिळतं.

एकटं वाटलं की

वाटणारच. ऑक्टोबरपर्यंत भारत साडेतीन तास पुढं असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागं जातं आणि फरक साडेचार तासांचा होतो, म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहाला मोकळे झालात की घरी साडेदहा वाजलेले, आईबाबा झोपायच्या तयारीत. त्यात अंधार पाचलाच. आम्ही फोनची वेळ दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठेवली, आई संध्याकाळचा चहा घेत बोलायची, मी मेन्सात.

आपलं काहीतरी इथं शोधायचं असेल तर बेर्गहाइममध्ये साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, १९६२ची. तिथं गुंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते, १९९२मध्ये गेले. या माणसानं वर्षानुवर्षं महाराष्ट्रात धनगरांमागं फिरून खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर काम केलं, ओव्या गोळा केल्या. मी कवठेमहांकाळच्या बाजूची, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात लहानपणी शंभरदा गेलेली, पण भंडारा आणि खोबरं एवढंच माझं ज्ञान. इथल्या लायब्ररीत मराठी पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहिले तेव्हा फार विचित्र वाटलं, चांगलं विचित्र. नदीकाठी एका रस्त्याला इक्बाल उफर नाव आहे, कवी इक्बाल १९०७मध्ये इथं जर्मन शिकत होते. म्हणजे व्याकरणानं रडवलेले आपण पहिले नाही.

आणि किल्ला

पंधराव्या दिवसाच्या आसपास रविवार येईल, दुकानं बंद, कागद सगळे झालेले. तेव्हा जा. कॉर्नमार्क्ट या चौकातून डोंगरावर जाणारी रेल्वे आहे, पण पायी पंधरा-वीस मिनिटांत चढ होतो. विद्यार्थी कार्ड दाखवलं की तिकीट कमी. १६८९ आणि १६९३मध्ये फ्रेंच सैन्यानं तो फोडला, राहिलेल्या भागावर १७६४मध्ये वीज पडली, आणि पुन्हा पूर्ण कुणी बांधलाच नाही, त्यामुळं आपल्याला तो ओळखीचा वाटतो, पन्हाळा-विशाळगड बघितलेल्या माणसाला पडके बुरुज नवे नाहीत. तळघरात दोन लाख लिटरहून मोठं दारूचं पिंप आहे. बागेत बसायला तिकीट नाही, डबा तिथं खा.

उतरून जुन्या पुलावर या, आधीचा पूल १७८४च्या बर्फाच्या पुरात गेला, हा १७८८चा. पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं माकड आहे, हातात आरसा. आरशाला हात लावला की पैसा येतो, माकडाच्या बोटांना लावला की परत हायडलबर्गला येता, शेजारच्या उंदरांना लावला तर भरपूर पोरं होतात असं सांगतात, तेव्हा हात जपून. पूल ओलांडून समोर श्लांगनवेग नावाची नागमोडी पायवाट वर फिलॉसॉफेनवेगला जाते, तिथून किल्ला, नदी, लाल छपरं सगळं समोर दिसतं आणि फोटो तिथलाच घ्या, किल्ल्यावरून किल्ला दिसत नाही. ऑक्टोबरात त्या पायऱ्या ओल्या आणि पानांनी भरलेल्या असतात, खाली सपाट तळव्याचे बूट घालून जाऊ नका, आणि किल्ली खिशात आहे ना ते निघायच्या आधी बघा.